बिरूअण्णा आणि पाण्याचं कुत्रं

बिरूअण्णा कोळेकरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीमुळे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी अल ऐनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो. एका दुपारी गुल खान नावाचा पठाण टँकर ड्रायव्हर एका उंच, शिडशिडीत माणसाला माझ्या खोलीत घेऊन आला. त्या माणसाच्या डोक्याला अरबांचा लाल चौकड्यांचा गुत्रा होता, पण बांधला होता फेट्यासारखा. तिथल्या सवयीने मी हिंदीत म्हणालो, "हाथ सीधा रखो, हिलना नहीं." प्लेटवर पंजा टेकवताना तो माणूस दातांतल्या दातांत म्हणाला, "आई गं... बिरोबा."

मी मशीन सोडून पुढे आलो. "कुठले हो तुम्ही?"

"जतचा," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "आन तुमी?"

"मी साताऱ्याचा. पाटणकर. बोटाला काय झालं?"

"मेंढ्यानं धडक दिली. जनावर चुकत न्हाई. मीच त्येच्या वाटंत हुतो."

करंगळी दोन ठिकाणी मोडली होती. मी फिल्म उजेडावर धरून दाखवली, तर त्यांना मोडलेल्या बोटाचं काही वाटलंच नाही. बराच वेळ ते स्वतःच्या हाडांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मेंढराच्या पायाचा असा फोटू निगतो का?" निघतो म्हणालो, पण इथे नाही. "मंग काय उपेग," म्हणाले आणि प्लास्टर घालून घ्यायला गेले.

अल ऐन तेव्हा शांत गाव होतं. माणसं कमी, गाड्या सावकाश, आणि शुक्रवार कसा घालवायचा हा माझ्यापुढचा कायमचा प्रश्न. त्या करंगळीनंतर तो सुटला. शुक्रवारी सकाळी मी, माझी बायको सुनंदा आणि सात वर्षांची मुलगी अशी आम्ही तिघं गाडी काढून गावाबाहेरच्या त्या शेतावर जायला लागलो. तिथे शेताला 'इझबा' म्हणतात. खजुराची झाडं, पाण्याची मोठी सिमेंटची टाकी, चार उंट आणि नव्वदेक शेळ्या-मेंढ्या. मालकांना सगळे अरबाब म्हणत. म्हातारे, थोडे बहिरे, हसरे गृहस्थ. बिरूअण्णांचा फेटा बघून ते रोज नव्याने हसत.

बिरूअण्णा जनावरं मोजत नसत. "मोजून काय कळतंय? नव्वद असली तरी त्यात कुनाचं तरी बारकं दुसऱ्याकडनं आलेलं असतंय." संध्याकाळी फाटकाशी उभं राहून ते एकेकीचं तोंड बघत आणि कोण आलं नाही ते सांगत. शेताच्या कडेला कोरड्या वाडीत, म्हणजे तिथल्या ओढ्याच्या पात्रात, गाफची झाडं होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यांतल्या एकाची डहाळी हातात घेऊन अरबाबांना मराठीत सांगितलं होतं, "ही आमची सौंदड हाय." सौंदड म्हणजे शमी. अरबाबांना शब्द कळला नाही, पण हा माणूस झाड ओळखतो एवढं कळलं. त्या दिवसापासून कळपाच्या कामात त्यांना कुणी काही सांगायला गेलं नाही.

चालता चालता त्यांच्या हातात टकळी फिरत असे. कातरलेल्या मेंढ्यांची लोकर तिथे कुणी ठेवत नसे, फेकून देत. बिरूअण्णांना ते बघवत नव्हतं. त्यांनी ती गोणीत भरून ठेवली आणि सूत काढायला लागले. "याचं काय करणार?" असं सुनंदाने विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई. हाताला सवय हाय. रिकामा हात काय बी धरतो." कातरायची कातर त्यांनी गावाहून आणली होती. मुंबईच्या विमानतळावर ती बॅगेतून काढून घेतील म्हणून त्यांनी ती तीन धोतरांत गुंडाळून बांधली होती, आणि तिथल्या साहेबाने विचारल्यावर "शिलाईची हाय" असं सांगितलं होतं. आयुष्यात आपण एवढंच खोटं बोललो, असं ते म्हणत. मला ते खरं वाटतं.

या कातरीमुळेच डॉक्टर तेरेझा शेतावर आल्या.

डॉक्टर तेरेझा आमच्या हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टर होत्या. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, पन्नाशीच्या, एकट्या. येताना त्यांनी एक कुत्री आणली होती. काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका, अंगभर दाट कुरळे केस. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या मानाने तिचा सगळा थाट वेगळा होता. तिचं नाव होतं ओंदा. त्यांच्या भाषेत ओंदा म्हणजे लाट.

एका सकाळी कॅन्टीनमध्ये त्या डोळे पुसत बसलेल्या दिसल्या. ओंदाचे केस गळत नाहीत, वाढतच जातात. उन्हाळाभर एसी फ्लॅटमध्ये आणि बाहेरच्या धुळीत राहून त्यांचा पार गुंता झाला आणि आता कातडीपर्यंत जटा झाल्या होत्या. तिथला एक व्हेट म्हणत होता, भूल द्यायची आणि सगळं अंग भादरून टाकायचं. आणि गेल्या वेळी भूल दिल्यावर ती दोन दिवस उठली नव्हती.

मी भीत भीत म्हणालो, "डॉक्टर, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. मेंढ्या कातरतो."

पुढच्या शुक्रवारी आम्ही ओंदाला घेऊन गेलो. बिरूअण्णा उठले नाहीत. खजुराखाली उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याभोवती फिरली, वास घेतला, टकळी हुंगली. अर्धा तास असाच गेला. डॉक्टर मला इंग्रजीत कुजबुजल्या, "हे सुरू कधी करणार?" मी विचारलं. बिरूअण्णा म्हणाले, "ती करील तवा."

मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, ओंदा.

"वांडा?"

"ओंदा."

"वांड," ते समाधानाने म्हणाले. "चांगलं नाव हाय. दिसतीच वांड." तेव्हापासून ती त्यांची वांडी झाली. पुढे डॉक्टरही लाडात आल्या की तिला वांडीच म्हणायच्या.

कातरायच्या आधी मेंढी धुवायची असते. म्हणून त्यांनी तिला टाकीकडे नेलं. तिला आत उतरवायची गरजच पडली नाही. पाणी दिसल्याबरोबर तिने काठावरून झेप घेतली आणि सरळ तळाशी गेली. माझी मुलगी ओरडली, "बाबा, शी'ज गॉन!" पण ती वर आली तेव्हा तिच्या तोंडात कधी काळी बुडालेला नळाचा तुकडा होता. तो काठावर ठेवून ती पुन्हा आत. मुलीने तिचा पंजा धरून बोटं फाकवली आणि म्हणाली, "लुक, शी हॅज डक फीट!" बोटांच्या मध्ये खरोखरच पातळ कातडं होतं, बदकासारखं.

बिरूअण्णा टाकीच्या कठड्यावर बसून ती कशी पोहते ते बघत होते. कातर मांडीवर. मग त्यांनी तिला बाहेर बोलावलं, आडवी केली आणि मागच्या बाजूने सुरुवात केली. जटा एकेक करून मुळाशी बोट घालून सोडवायच्या आणि कातरायच्या. तोंडाने सतत काहीतरी बारीक गुणगुणत होते. कुत्री हलली नाही. दोन तासांनी मागचे पाय, कंबर आणि शेपटी स्वच्छ झाली. पुढचं अंग त्यांनी फक्त विंचरलं, थोडं कमी केलं आणि कातर पुसून ठेवली. शेपटीच्या टोकाला एक गोंडा राहू दिला.

मला वाटलं, दमले. अर्ध्या अंगाने उघडी, अर्ध्या अंगाने केसाळ अशी ती कुत्री बघून मला हसू येत होतं. मी डॉक्टरांकडे वळलो तर त्यांनी तोंडावर हात धरला होता.

"त्यांना कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "माझे आजोबा असंच कापायचे. आमच्या गावचे सगळे कोळी असंच कापायचे."

मी बिरूअण्णांना विचारलं. ते म्हणाले, "कोन सांगनार? ती मागच्या पायानं रेटा देती. तिथं लोकर भिजून वजन हुतंय. म्होरं काळीज हाय, तिथं ऊब पायजे. थंड पान्यातलं दिसतंय जनावर."

"आणि शेपटीचा गोंडा?"

"पान्यात गेल्यावर तेवढाच वर दिसतोय. हुडकायला बरा."

यात योगायोग किती आणि नजर किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण डॉक्टर त्या दिवशी हॉस्पिटलातल्या डॉक्टर राहिल्या नाहीत. चटईवर मांडी घालून बसल्या, काळा चहा घेतला आणि बोलायला लागल्या. त्या इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत करायचो.

ही त्यांच्या किनाऱ्यावरची जुनी जात. नावच 'पाण्याचं कुत्रं'. कोळ्यांच्या बोटीवर हे कुत्रं खलाशासारखं राहायचं. सुटलेलं जाळं, पाण्यात पडलेली वस्तू बुडी मारून आणायचं, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर निरोप न्यायचं, धुक्यात भुंकून आपली बोट कुठे आहे ते सांगायचं. बंदरात आल्यावर बोट राखायचं. मासळीच्या वाटणीत त्याचाही वाटा असे. पुढे बोटींना इंजिन आलं, रेडिओ आला. कुत्र्याचं काम संपलं, आणि काम संपल्यावर कुत्रीही संपत आली. डॉक्टर लहान होत्या तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर मोजकीच उरली होती. एका श्रीमंत माणसाने ती गावोगावहून गोळा केली, वाढवली, म्हणून आज ओंदा आहे.

"आन त्येच्या आदी?" बिरूअण्णांनी विचारलं. "कोळ्याकडं आलं कुठनं?"

डॉक्टर हसल्या. "ते कुणालाच नक्की माहीत नाही. काही म्हणतात, उत्तरेकडच्या टोळ्यांबरोबर आलं. काही म्हणतात, फार पूर्वी पूर्वेच्या गवताळ मुलखातलं हे मेंढपाळांचं कुत्रं. तिथून माणसांबरोबर वाळवंटं ओलांडत आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याला गेलं आणि अरबांबरोबर समुद्र ओलांडून आमच्याकडे आलं. पुरावा काही नाही."

अरबाब शेजारी बसून ऐकत होते. गुल खानने हिंदीतून त्यांना मोडक्या अरबीत ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग आमचंच आहे," ते म्हणाले. "परत आलं. अहलन, स्वागत आहे."

"मेंढरामागचंच हाय," बिरूअण्णा म्हणाले. "मगाशी बगितलं न्हवं? टाकीकडनं आलं ते आदी शेळ्यांभवती एक फेरी मारून आलं. चावलं न्हाई, छातीनं ढकलत हुतं. शिकारीचं असतं तर आतापत्तूर येक बकरू गेलं असतं."

"मग पाण्यात का गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

बिरूअण्णांना हा प्रश्न कळेना. "मालक गेला आसंल," ते म्हणाले. "मालक पान्यावर गेला तर कुत्रं काय म्हागं बसून र्‍हातंय?"

डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर दर दोन महिन्यांनी कातरणी व्हायची आणि डॉक्टर सुट्टीवर गेल्या की वांडी शेतावर राहायची. अरबाबांची एकच अट होती, घरात आणि नमाजाच्या जागेकडे यायचं नाही. कळपामागे राहिलं तर हरकत नाही, काम करणारं कुत्रं आहे. वांडीला ही अट दोन दिवसांत समजली, याचं अरबाबांना फार कौतुक होतं.

बिरूअण्णांचे वडील जतजवळच्या वस्तीवर होते. म्हातारे, दोन्ही डोळे गेलेले. त्या काळी आखातातली माणसं घरी कॅसेट पाठवत, पत्राऐवजी. बिरूअण्णा टेपरेकॉर्डर घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, कसं चालतं दाखवा. मी दाखवलं. मला वाटलं, चार शब्द बोलतील. तर त्यांनी तो नेऊन संध्याकाळी फाटकाशी ठेवला आणि कळप परत येतानाचा आवाज भरला. एक बाजू पूर्ण. शेवटी फक्त वडिलांना उद्देशून, "दादा, ही हितली हायत. मी बरा हाय."

महिन्याभराने उलट कॅसेट आली. त्यांच्या टेपरेकॉर्डरची बटणं वाळूने अडकली होती, म्हणून ती आम्ही माझ्या घरी ऐकली. वडील ठणठणीत आवाजात बोलत होते. "बिरू, आवाज ऐकला. जनावरं धड हायत. पर त्यात येक मेंढी खोकतीया. म्हागनं येनारी. तिला येगळी काड." थोडा वेळ नुसता चुलीचा आवाज, आणि मग, "आन ते कुत्रं कुनाचं? राखनीचं भुकनं न्हाई ते. वळवायचं भुकनं हाय. आपल्यातलं हाय ते."

बिरूअण्णा लगेच उठले, चप्पल घातली. "पाटनकर, गाडी काडता का? म्हागनं येनारी म्हंजी ती बुटकी." बुटकीला खरंच खोकला होता. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा वही काढली. "एका आंधळ्या मेंढपाळाची साक्ष," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आतापर्यंतचा सगळ्यात चांगला पुरावा."

वाडीला पाणी आलं ते त्याच हिवाळ्यात. डॉक्टर नाताळला घरी गेल्या होत्या. मी तिथे नव्हतो. पण गुल खान, अरबाबांचा मोठा मुलगा राशीद आणि स्वतः बिरूअण्णा अशा तिघांकडून मी ती दुपार वेगवेगळी ऐकली आहे.

कळप वाडीच्या पात्रात, गाफच्या सावलीला बसला होता. जेवण झालेलं. बिरूअण्णा आडवे झाले होते. आकाश निळं, ढगाचा पत्ता नाही. वांडी एकदम उठली आणि पात्राच्या वरच्या अंगाकडे तोंड करून भुंकायला लागली. मग कळपाभोवती पळत सुटली. टँकरमधून गुल खान ओरडला, "कुत्ता पागल हो गया!"

बिरूअण्णा उठले. त्यांना काहीही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पण त्यांनी काठी घेतली, हाळी दिली आणि भर दुपारी नव्वद जनावरं पात्रातून वर काढून सरळ डांबरी रस्त्यावर आणली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. हॉर्न वाजायला लागले. तेवढ्यात राशीद जीप घेऊन आला. तरुण, तापट, पण मनाने वाईट नव्हे.

"ये क्या है? यल्ला, वापस ले जाओ नीचे!"

"नही," बिरूअण्णा म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी या घरातल्या कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं.

"क्यों नही?"

"राशीदभाय, कुत्रा बोलता है."

"मेरा नही सुनेगा, कुत्ते का सुनेगा?"

बिरूअण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "आज कुत्रे का."

राशीद म्हणाला, मग उद्या तुझा व्हिसा कॅन्सल, खलास. शेळ्या डांबरावर उभ्या, ड्रायव्हर शिव्या देतायत, राशीद फोन लावायला जीपकडे वळला, आणि लांबून ट्रक गिअर बदलत यावा तसा आवाज आला. मग पाणी आलं. ओमानच्या डोंगरात सकाळी कधीतरी पाऊस झाला असणार. मातीच्या रंगाचं, झाडांच्या फांद्या घेऊन येणारं पाणी. थोड्या वेळापूर्वी जिथे कळप बसला होता तिथे पुरुषभर खोल लोंढा होता.

राशीदने फोन खाली ठेवला. हॉर्न थांबले.

आणि मग वांडी पाण्यात शिरली. बिरूअण्णांना पोहता येत नाही. ते काठावर पुढे-मागे धावत हाका मारत होते, गुल खानने त्यांना कमरेला धरून ठेवलं होतं. फेसात तिचा शेपटीचा गोंडा दिसायचा, नाहीसा व्हायचा. बरंच खाली जाऊन ती काठाला लागली आणि धापा टाकत वर आली. तोंडात पिवळी प्लास्टिकची बादली. ती बिरूअण्णांच्या पायाशी ठेवून ती पुन्हा वळली, पण या वेळी त्यांनी तिच्यावर झडप घातली आणि तिला कवटाळून चिखलात बसले.

पुढे ही गोष्ट अल ऐनभर झाली. कुत्रीने पुरात उड्या मारून वीस शेळ्या वाचवल्या, एक पोरगं वाचवलं, असं काहीबाही. बिरूअण्णा प्रत्येकाला थांबवून सांगत, "शेळ्या न्हाईत. बादली आनली तिनं." कुणी म्हणालं, पण शेळ्या तिच्यामुळेच वाचल्या ना? तर म्हणत, "ती भुकली. बादली आनली. येवडंच." कुत्रीचं काम वाढवून सांगणं त्यांना तिचा अपमान वाटत असावा.

राशीद दुसऱ्या दिवशी आला. व्हिसाचा विषय काढला नाही. खजुराची एक पेटी ठेवली आणि वांडीकडे बघून विचारलं, "ये खजूर खाती है?"

आठवड्याने मी गेलो तेव्हा बिरूअण्णा सूत काढत होते. मी म्हणालो, "तुम्हाला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. नोकरी जाणार होती. एवढा विश्वास कसा ठेवलात?"

टकळी फिरत राहिली. मग त्यांनी ती हातात धरली.

"गावाकडं आमची बासष्ट मेंढरं हुती," ते म्हणाले. "अशीच दुपार. मी झाडाखाली पडलो हुतो. कुत्रं भुकाया लागलं. मी म्हनलं, भुकू दे. लई भुकलं. येऊन माजं धोतर वडलं. मी दगुड मारला त्येला. उठून बगितलं तवर कळप शेजारच्या वाळल्या जवारीत घुसला हुता. पान्यावाचून खुरटलेली जवारी. तिला किराळ म्हंत्यात, इख असतंय त्यात. संध्याकाळपत्तूर येक उभं र्‍हायलं न्हाई."

मी विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"काय न्हाई. तवा त्येंचं डोळं गेलेलंच हुतं. हातानं येकेक मेंढरू चाचपलं. मग घरात गेलं, भाकरी आनली आन पयली कुत्र्याला घातली. मला कुनी सबूद बोललं न्हाई. म्हनून मी हितं आलो."

त्यांनी परत सूत धरलं. त्यांच्या तोंडी सारखं असलेलं "जनावर चुकत न्हाई" हे मी तोवर एका भोळ्या माणसाचं पालुपद समजत होतो.

डॉक्टर तेरेझांचा करार नव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. तोवर वांडी आठ-नऊ वर्षांची झाली होती. लिस्बनमध्ये त्यांना आईसाठी राहावं लागणार होतं, लहानशा फ्लॅटमध्ये. अरबाबांनी स्वतःहून निरोप पाठवला, कुत्रीला आमच्याकडे राहू दे, तिची जागा इथे आहे. डॉक्टर माझ्या गाडीतून शेतावर आल्या.

"त्यांना विचार," त्या मला म्हणाल्या. "तिच्यासाठी काय बरं, ते विचार. माझ्यासाठी नको."

बिरूअण्णांनी आधी विचारलं, "तिकडं तिला काम काय हाय?"

"काही नाही. आता बोटींवर कुत्री नाहीत."

"हितं काम हाय," ते म्हणाले. "पुढल्या शुक्रवारी सांगतो."

त्या आठवड्यात ते काय काय विचार करत होते कोण जाणे. गुल खान म्हणाला, रात्री जेवत नव्हते. शुक्रवारी आम्ही गेलो तर वांडीची कातरणी झाली होती. मागचं अंग स्वच्छ, पुढचे केस विंचरलेले, गोंडा फुललेला. गळ्यात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, हाताने वळलेला पट्टा होता. काळी लोकर तिची स्वतःची, पांढरी कळपाची. तिचे कापलेले केसही ते इतकी वर्षं गोणीत ठेवत होते, हे तेव्हा कळलं.

"घिऊन जावा," ते म्हणाले.

मी भाषांतर करायच्या आधीच डॉक्टरांना कळलं असावं. "का?" त्यांनी विचारलं.

"हितं ठिवली तर ती माजी हुईल. आन मी हितं कुनाचा? आज हाय, उद्या कागूद संपला की गावाला. मंग म्हातारपनी ती कुनाच्या तोंडाकडं बगनार? काम नसलं तर नसूं दे. लई काम केलं तिनं. तुमी तिचं मानूस हायसा."

मी हे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बिरूअण्णा संकोचले, पण हात काढून घेतले नाहीत. मग ते वांडीजवळ उकिडवे बसले, तिच्या कानामागे काहीतरी चाचपून बघितलं, जसं ते विकायच्या प्रत्येक बकऱ्याचं बघत, आणि "धड हाय" असं म्हणून उठून शेळ्यांच्या पाण्याकडे गेले. गाडी निघेपर्यंत ते तिकडेच होते.

वर्षभराने डॉक्टरांचं पत्र आलं. मी ते शेतावर नेऊन वाचून दाखवलं. त्या आईला घेऊन किनाऱ्यावरच्या गावी राहायला गेल्या होत्या. वांडी सकाळी बंदरावर जाते, तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांजवळ बसते. एकाने विचारलं, ही कातरणी कुणाची? असं कापणारा आमचा शेवटचा माणूस जाऊन फार दिवस झाले. आता मी तशीच राखायचा प्रयत्न करते, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं, पण ते हात मला नाहीत. मी त्या कोळ्याला म्हणाले, वाळवंटातल्या एका मेंढपाळाची. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.

"दोनदा वाचा," बिरूअण्णा म्हणाले. मी वाचलं. "म्हंजी बसती ती बोटीपाशी," ते म्हणाले. "बरं झालं."

आणखी दोन वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. वडील खूप थकले होते, आणि थोड्या मेंढ्या पुन्हा घ्याव्यात असं त्यांच्या मनात होतं. विमान रात्री शारजाहहून होतं. त्यांच्या गावचा एक गवंडी अजमानला राहायचा, तो त्यांना संध्याकाळी विमानतळावर सोडणार होता. मी सकाळीच त्यांना घेऊन अल ऐनहून निघालो, कारण मला दुपारच्या ड्यूटीला परतायचं होतं. वाटेत ते म्हणाले, "पाटनकर, येक काम हाय. मी दर्या बगितला न्हाई."

"एवढी वर्षं इथे राहून?"

"इमानातनं बगितला. पर त्येला काय बगनं म्हंत्यात?"

अजमानच्या किनाऱ्यावर मी गाडी लावली. सकाळची वेळ होती. थोड्या अंतरावर काही माणसं एक लांबलचक जाळं किनाऱ्याकडे ओढत होती. बिरूअण्णांनी चपला काढून हातात घेतल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या वाळूत उभे राहिले. एक लाट पायाला लागून गेली. त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं.

"यात राबायचं म्हंजी," ते म्हणाले, "जिवाचं काम हाय."

मग ते आत गेले. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत. तिथे थांबले आणि जाळं ओढणाऱ्यांकडे बघायला लागले. मी घड्याळ बघितलं. बॅग उतरवली, गवंड्याच्या घरचा पत्ता पुन्हा सांगितला. ते किनाऱ्यावर येऊन मला भेटले, गळ्यात पडले, "सुनंदाताईस्नी सांगा" म्हणाले, पण काय सांगायचं ते म्हणाले नाहीत. आणि लगेच परत पाण्यात गेले.

गाडी वळवताना मी आरशात बघितलं. डोक्यावर तो लाल चौकड्यांचा फेटा, हातात चपला, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून ते एका कोळ्याला खुणेने काहीतरी विचारत होते. कोळी हसला आणि त्याने दोराचं एक टोक त्यांच्याकडे फेकलं. बिरूअण्णांनी चपला वाळूवर भिरकावल्या, दोर दोन्ही हातांनी धरला आणि त्या अनोळखी माणसांच्या रांगेत शेवटी उभे राहून ओढायला लागले.